पिप

वीस-बावीस वर्षांच्या मुलांना
गाजराची आठवण करून देण्याचा
मला पगार मिळतो.
बारा आठवडे, चौऱ्याऐंशी निरोप,
प्रत्येकाखाली सही : पिप.

पिप म्हणजे सफरचंदातली बी.
पिपला भूक लागत नाही. पिप चिडत नाही.
रात्री अकरालाही पिपचा सूर
नुकत्याच न्हाऊन आलेल्या माणसासारखा.

मी मात्र ड्युनेडिनमध्ये, तिसऱ्या मजल्यावर,
हीटरला तळपाय टेकवून
क्रॅकरचा चुरा कीबोर्डवर सांडत लिहीत होते :
अर्धं ताट भाज्यांचं.

दोनशे सतरा नंबरचा मुलगा
पहिल्याच दिवशी फोटो पाठवतो :
ब्रेड, त्यावर टोमॅटो सॉस.
पिप म्हणतो, छान सुरुवात!
उद्या ताटात थोडा हिरवा रंग आणू या?
दुसऱ्या दिवशी तोच ब्रेड, तोच सॉस,
आणि कडेला
भांडी घासायचा हिरवा स्पंज.

मी एकटीच मोठ्यानं हसले.
पिपला हसण्याचा रकाना नाही.
पिप म्हणाला, शाब्बास! हिरवा रंग मोजला.

पाचव्या आठवड्यातला मंगळवार.
बंदरावरून येणारं वारं खिडक्या ओढून बघत होतं.
फोटोत धुतलेलं ताट. कोरडं. रिकामं.
इतकं लख्ख की त्यात
मुलाची लोकरीची टोपी दिसत होती, घरात घातलेली.
खाली एक ओळ : पैसे गुरुवारी येतात.

त्याच सेकंदाला पिपचं उत्तर गेलं :
वा! ताट मोकळं आहे, म्हणजे भाज्यांना जागाच जागा!

ते वाक्य माझं.
मार्चमध्ये लिहिलेलं.
मीटिंगमध्ये इसोबेलनं ते वाचून दाखवलं होतं,
सगळे म्हणाले होते, गोड आहे.

आमची प्रश्नावली मी पुन्हा काढली. सेहेचाळीस प्रश्न.
दूध कोणतं पितोस? पाकिटावरचं लेबल वाचतोस का?
गेल्या आठवड्यात कोल्ड्रिंक किती वेळा?
कुठेच नाही : घरात काही आहे का?

म्हणतात, भुकेल्या पोटात कावळे ओरडतात.
या गावात कावळे नाहीत,
सीगल असतील बहुतेक.

सहभागींशी थेट बोलायचं नाही, असा नियम.
मी पिपच्या नावानं विचारलं, घरात काय आहे?
बराच वेळ तीन टिंबं नाचत राहिली.
मग : अर्धा कप तांदूळ. मीठ.
रूममेटचं लोणी, पण ते मागावं लागेल.
आणि मग :
तू माणूस आहेस का?

हो, असं लिहिलं. पुसलं.
पिप आहे, असं लिहिलं. तेही पुसलं.

फ्रिजला लावायचं मॅग्नेट आम्ही सगळ्यांना टपालानं पाठवलं होतं,
त्यामुळे पत्ता होता.
माझ्या परसात सिल्व्हरबीट कुणी न विचारता वाढतं,
ते कापलं. चार रताळी, सहा अंडी.
त्या रस्त्याचा चढ असा की
पिशवी पुढे आणि मी मागे.
दारात बूट : पाच जणांचे, दहा. सगळे ओले.
पिशवी ठेवली आणि
घंटा वाजवून पळाले, एकेचाळिसाव्या वर्षी.

बुधवारी फोटो : भात, पालेभाजी,
कडा करपलेलं अंडं.
नाव पहिल्यांदाच लिहिलेलं : तविता.
पिप म्हणाला, पुढच्या वेळी तेल जरा कमी!

इसोबेलला मी स्वतःच सांगितलं.
ती खूप वेळ पेन्सिलीचं टोक बघत होती.
मग दोनशे सतराची ओळ
तिनं तक्त्यातून काढली. काढावीच लागणार होती.
सेहेचाळिसाव्या खाली
सत्तेचाळिसावा प्रश्न मात्र तिनंच टंकला,
आणि त्याची नोंद कुठे करायची
ते आम्हाला दोघींनाही अजून सुचलेलं नाही.

सातव्या आठवड्यात पुन्हा
ब्रेड, सॉस,
आणि कडेला स्पंज.
या वेळी नवा. पिवळा.